संप्रेरक उपचार आणि स्तनाचा कर्करोग : भीती किती, तथ्य किती?

स्त्रीच्या आयुष्यात पाळी सुरू होणे हा जसा एक टप्पा आहे, तसाच पाळी थांबणे हाही एक टप्पा आहे. पहिल्या टप्प्याची चर्चा घरात आणि अलीकडे शाळेतही होऊ लागली आहे. दुसऱ्या टप्प्याविषयी मात्र अद्याप मौनच पाळले जाते. चाळिशी उलटलेली स्त्री रात्री घामाने भिजून जागी होते, तिची झोप उडते, चिडचिड वाढते, कामात लक्ष लागत नाही. तरीही ‘वयाप्रमाणे व्हायचेच’ असे म्हणून ती स्वतःची समजूत घालते. त्यातील काही स्त्रिया डॉक्टरांकडे जातात. तेथे ‘हार्मोनच्या गोळ्या’ हा शब्द प्रथमच त्यांच्या कानावर पडतो आणि त्याच्यामागोमाग दुसरा शब्दही येतो, तो म्हणजे कर्करोग.

या गोळ्यांमुळे स्तनाचा कर्करोग होतो काय, या प्रश्नाचे उत्तर ‘होय’ किंवा ‘नाही’ अशा एका शब्दात देता येत नाही. कोणती गोळी, कोणत्या वयात, किती वर्षे आणि कोणत्या स्त्रीला, यांवर ते अवलंबून असते. या चार गोष्टींचा विचार न करता कोणी निष्कारण घाबरतात, तर कोणी निष्कारण निर्धास्त राहतात. नुकसान दोन्हीकडे होते. म्हणूनच हा विषय मुळापासून समजून घेणे अगत्याचे आहे.

शरीरातील निरोप्या

शरीरातील काही ग्रंथी विशिष्ट रसायने तयार करून ती रक्तात सोडतात. ही रसायने दूरच्या अवयवांपर्यंत निरोप पोहोचवितात. त्यांनाच संप्रेरके किंवा हार्मोन्स म्हणतात. स्त्रीच्या ओटीपोटात गर्भाशयाच्या दोन्ही बाजूंना दोन बीजांडकोश असतात. त्यांतून मुख्यतः दोन संप्रेरके स्रवतात. पहिले इस्ट्रोजेन व दुसरे प्रोजेस्टेरॉन. वयात येताना स्तनांची वाढ होणे, दरमहा गर्भाशयाचे अस्तर तयार होणे, हाडे बळकट राहणे ही कामे इस्ट्रोजेनच्या निरोपावर चालतात. प्रोजेस्टेरॉन गर्भाशयाच्या अस्तराची वाढ आटोक्यात ठेवते आणि गर्भधारणेची तयारी करते.

वाढत्या वयाबरोबर बीजांडकोशांचे कार्य मंदावते आणि अखेर थांबते. सलग बारा महिने पाळी आली नाही म्हणजे रजोनिवृत्ती झाली असे वैद्यकशास्त्र मानते. पाश्चात्त्य देशांत हे वय सरासरी ५१ वर्षांच्या आसपास आहे. भारतीय स्त्रियांत ते साधारणपणे ४६ ते ४७ वर्षे, म्हणजे बरेच अलीकडे आहे. इस्ट्रोजेनचा पुरवठा आटल्यामुळे अंगातून गरम वाफा निघाल्यासारखे वाटणे, दरदरून घाम सुटणे, झोपमोड, योनिमार्गाचा कोरडेपणा असे त्रास होतात आणि पुढे हाडे ठिसूळ होऊ लागतात. बाहेरून संप्रेरके देऊन हे त्रास कमी करणे, यालाच रजोनिवृत्तीचा संप्रेरक उपचार म्हणतात. अंगातील वाफा आणि घाम यांवर इतका परिणामकारक दुसरा उपाय अद्याप उपलब्ध नाही, हे प्रारंभीच नमूद केले पाहिजे.

एका जुन्या निरीक्षणाचा धागा

बीजांडकोश आणि स्तन यांचे नाते संप्रेरकांचा शोध लागण्यापूर्वीच एका शल्यवैद्याच्या ध्यानात आले होते. स्कॉटलंडमधील ग्लासगो येथील डॉ. जॉर्ज बीटसन यांनी दूध निर्माण होण्याच्या प्रक्रियेचा अभ्यास केला होता. गाईचे बीजांडकोश काढून टाकल्यास ती दीर्घकाळ दूध देत राहते, हा काही देशांतील शेतकऱ्यांचा अनुभव त्यांना ठाऊक होता. स्तनाच्या पेशींवर बीजांडकोशांचा ताबा चालत असेल, तर त्या पेशींच्या कर्करोगावरही तो चालत असला पाहिजे, असा तर्क त्यांनी केला. स्तनाचा कर्करोग बळावलेल्या स्त्रियांचे बीजांडकोश त्यांनी शस्त्रक्रियेने काढले. काहींच्या गाठी आक्रसल्या. १८९६ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात त्यांनी हा अनुभव प्रसिद्ध केला.

पुढील संशोधनाने या तर्काचा अर्थ उलगडला. स्तनाच्या अनेक कर्करोगांच्या पेशींवर इस्ट्रोजेनचा निरोप घेणारे ग्राहक असतात. कुलपात किल्ली बसावी तसे इस्ट्रोजेन या ग्राहकांत बसते आणि पेशींना वाढीचा हुकूम मिळतो. त्यामुळे आयुष्यात जितका अधिक काळ स्तनांवर या संप्रेरकांचा प्रभाव राहतो, तितका कर्करोगाचा संभव थोडाथोडा वाढतो. पाळी लवकर सुरू होणे आणि उशिरा थांबणे या दोन्ही गोष्टी धोका वाढविणाऱ्या ठरल्या आहेत. याउलट बाळंतपण आणि स्तनपान धोका कमी करतात. तीस देशांतील ४७ अभ्यास एकत्र करून २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणानुसार प्रत्येक बाळंतपणागणिक हा धोका सुमारे ७ टक्क्यांनी, तर स्तनपानाच्या दर बारा महिन्यांमागे आणखी सुमारे ४ टक्क्यांनी घटतो.

महाराष्ट्रातील नोंदीही याच दिशेकडे बोट दाखवितात. देशातील पहिली लोकसंख्याधारित कर्करोग नोंदणी १९६३ मध्ये मुंबईत सुरू झाली. ग्रामीण भागासाठीची पहिली नोंदणी १९८७ मध्ये सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे उभी राहिली. या दोन ठिकाणच्या नोंदी शेजारी ठेवल्या, तर मुंबईतील स्त्रियांत स्तनाच्या कर्करोगाचे प्रमाण बार्शी परिसरापेक्षा कितीतरी अधिक असल्याचे आढळते. उशिरा होणारे पहिले मूल, कमी बाळंतपणे, अल्पकाळ स्तनपान, बैठे काम आणि वाढते वजन या शहरी जीवनाच्या खुणा त्यामागे आहेत. खेडी आता शहरांच्याच वाटेने चालली असल्याने हा फरक कायम राहील असे मानून चालणार नाही.

गोळीचा उदय आणि पहिला इशारा

१९४२ मध्ये अमेरिकेत ‘प्रेमारिन’ या गोळीला मान्यता मिळाली. गाभण घोडीच्या मूत्रातून मिळणाऱ्या इस्ट्रोजेनपासून ती तयार केली जात असे. १९६६ मध्ये रॉबर्ट विल्सन या अमेरिकन डॉक्टरांचे ‘फेमिनिन फॉरेव्हर’ हे पुस्तक निघाले. रजोनिवृत्ती म्हणजे जणू एक व्याधी असून इस्ट्रोजेनमुळे तारुण्य टिकते, असा त्याचा सूर होता. त्यामुळे या गोळ्यांचा खप भराभर वाढला. त्रास होत असलेल्या स्त्रीवर उपचार करणे आणि प्रत्येक स्त्रीला चिरतारुण्याचे आमिष दाखविणे यांतील सीमारेषा तेव्हाच पुसट झाली.

१९७५ मध्ये पहिला धक्का बसला. केवळ इस्ट्रोजेन घेणाऱ्या स्त्रियांत गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग वाढल्याचे दोन अभ्यासांत आढळले. कारण उघड होते. अस्तर वाढविणारा निरोप्या हजर होता आणि त्याला आवर घालणारा गैरहजर. यावर उपाय म्हणून इस्ट्रोजेनच्या जोडीला प्रोजेस्टेरॉनसारखे काम करणारे औषध, म्हणजे प्रोजेस्टोजेन, देण्याची पद्धत रूढ झाली. गर्भाशय असलेल्या स्त्रीला दोन्ही औषधे एकत्र आणि गर्भाशय काढलेल्या स्त्रीला केवळ इस्ट्रोजेन, हा नियम तेव्हापासून आजतागायत चालत आला आहे. पुढील सर्व विवेचनाचा पाया हाच भेद आहे.

अमेरिकेतील मोठी चाचणी

या गोळ्या घेणाऱ्या स्त्रियांना हृदयविकार कमी होतो, असे अनेक पाहणी-अभ्यासांतून दिसत होते. परंतु स्वतःहून गोळ्या घेणाऱ्या स्त्रिया बहुधा सुशिक्षित, सुस्थितीतील आणि प्रकृतीची काळजी घेणाऱ्या असत. त्यामुळे लाभ गोळीचा की परिस्थितीचा, हे ठरविणे कठीण होते. त्याचा निर्णय करण्यासाठी अमेरिकन शासनाच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थांनी १९९० च्या दशकात ‘विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह’ हा भव्य प्रकल्प हाती घेतला. त्यातील एका चाचणीत गर्भाशय असलेल्या ५० ते ७९ वर्षे वयाच्या १६,६०८ स्त्रिया सहभागी झाल्या. चिठ्ठ्या टाकाव्यात त्या रीतीने त्यांचे दोन गट पाडण्यात आले. एका गटाला इस्ट्रोजेन व प्रोजेस्टोजेन यांची गोळी, तर दुसऱ्या गटाला तशीच दिसणारी औषधविरहित गोळी देण्यात आली.

ही चाचणी साडेआठ वर्षे चालावयाची होती. सरासरी ५.२ वर्षांनंतरच, ३१ मे २००२ रोजी, देखरेख मंडळाने ती थांबविण्याची शिफारस केली. औषध घेणाऱ्या गटात स्तनाच्या कर्करोगाचे प्रमाण पूर्वी ठरविलेल्या मर्यादेपलीकडे गेले होते आणि ज्या हृदयाच्या रक्षणासाठी चाचणी योजली, त्याच्या विकारांतही घट न होता वाढ दिसत होती. जुलै २००२ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. जगभरच्या वृत्तपत्रांत ‘कर्करोगात २६ टक्के वाढ’ असे मथळे झळकले आणि असंख्य स्त्रियांनी गोळ्या बंद केल्या. २००३ मध्ये अमेरिकेतील स्तनाच्या कर्करोगाचे प्रमाण आदल्या वर्षाच्या तुलनेत ६.७ टक्क्यांनी घटल्याचे २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणात दिसून आले. गोळ्यांच्या वापरातील घट हे त्याचे एक प्रमुख कारण असावे, असे संशोधकांनी मांडले.

टक्के आणि माणसे

२६ टक्के हा आकडा ऐकताच, गोळी घेणाऱ्या शंभर स्त्रियांपैकी २६ जणींना कर्करोग होतो, असा अर्थ अनेक जण काढतात. तो पूर्णपणे चुकीचा आहे. चाचणीतील प्रत्यक्ष स्थिती अशी होती : औषध न घेणाऱ्या दहा हजार स्त्रियांपैकी एका वर्षात ३० जणींना स्तनाचा कर्करोग झाला, तर औषध घेणाऱ्या दहा हजारांपैकी ३८ जणींना. वाढ आठ जणींची. तीसवर आठ म्हणजे सुमारे २६ टक्के. परंतु दहा हजारांवर आठ म्हणजे हजारी एकापेक्षाही कमी.

दोन्ही आकडे खरे आहेत, मात्र त्यांचा उपयोग वेगळा आहे. पहिला आकडा औषधाचा परिणाम किती तीव्र आहे हे सांगतो. एखाद्या स्त्रीच्या वाट्याला किती जोखीम येईल हे दुसऱ्या आकड्यावरून कळते. एखाद्या तालुक्यात गोळी घेणाऱ्या दहा हजार स्त्रिया असल्या, तर दरवर्षी आठ घरांत हा आजार अधिक येईल. त्या आठ घरांच्या दृष्टीने हा आकडा लहान नाही. उरलेल्या स्त्रियांच्या दृष्टीने तो निर्णयाच्या तराजूतील एक वजन आहे.

तराजूच्या पारड्यांत इतरही वजने होती. त्याच चाचणीत दर दहा हजार स्त्रियांमागे वर्षाला हृदयविकाराचे सात, पक्षाघाताचे आठ आणि फुप्फुसात रक्ताची गुठळी अडकण्याचे आठ रुग्ण अधिक आढळले. उलट मोठ्या आतड्याचे कर्करोग सहाने आणि खुब्याची हाडे मोडण्याचे प्रसंग पाचाने कमी झाले. सहभागी स्त्रियांचे सरासरी वय ६३ होते, ही बाब येथे महत्त्वाची आहे. रजोनिवृत्तीचा त्रास सामान्यतः त्याआधी दहा-पंधरा वर्षे होतो. वयाची साठी ओलांडण्यापूर्वी किंवा पाळी थांबल्यापासून दहा वर्षांच्या आत उपचार सुरू करणाऱ्या स्त्रियांना हृदयासंबंधीचा धोका पुष्कळ कमी असतो, असे पुढील विश्लेषणांत आढळले.

दुसऱ्या गोळीची वेगळी कहाणी

याच प्रकल्पात गर्भाशय काढलेल्या १०,७३९ स्त्रियांवर स्वतंत्र चाचणी झाली. त्यांना केवळ इस्ट्रोजेन देण्यात आले. पक्षाघाताचे प्रमाण वाढल्यामुळे २००४ मध्ये तीही थांबविण्यात आली. परंतु स्तनाच्या कर्करोगाच्या बाबतीत या गटात वाढ दिसली नाही. उलट प्रमाण किंचित कमी आढळले. वीस वर्षांहून अधिक काळाच्या पाठपुराव्यानंतर २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांतही हाच कल कायम राहिला, तर दोन औषधे एकत्र घेणाऱ्यांतील वाढही कायम राहिली.

ब्रिटनमधील अभ्यासांचे चित्र याहून थोडे वेगळे आहे. ऑक्सफर्डच्या संशोधकांनी १९९६ ते २००१ या काळात दहा लाखांहून अधिक ब्रिटिश स्त्रियांची माहिती गोळा केली. २००३ मध्ये त्यांनी प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षांनुसार एकत्रित उपचाराने धोका बराच वाढतो व केवळ इस्ट्रोजेननेही थोडा वाढतो. २०१९ मध्ये जगभरातील ५८ अभ्यास एकत्र करून त्यांनी व्यापक विश्लेषण मांडले. वयाच्या पन्नाशीत उपचार सुरू करून पाच वर्षे घेतल्यास पुढील वीस वर्षांत काय घडते, याचे त्यातील गणित हजार स्त्रियांच्या हिशेबाने असे आहे :

उपचार मुळीच न घेतल्यास ६३ स्त्रियांना स्तनाचा कर्करोग होतो.
केवळ इस्ट्रोजेन घेतल्यास ६८ स्त्रियांना.
इस्ट्रोजेन रोज व प्रोजेस्टोजेन महिन्यातील काही दिवस घेतल्यास ७७ स्त्रियांना.
दोन्ही औषधे रोज घेतल्यास ८३ स्त्रियांना.

हे आकडे पाश्चात्त्य स्त्रियांचे आहेत. भारतीय स्त्रियांत या कर्करोगाचे मूळ प्रमाणच कमी असल्याने अधिकची संख्याही त्या मानाने कमी राहील. परंतु दिशा तीच आहे. एकत्रित उपचार केवळ इस्ट्रोजेनपेक्षा अधिक धोक्याचा, उपचाराचा काळ जितका दीर्घ तितका धोका अधिक, आणि उपचार थांबविल्यावर धोका घटला तरी दीर्घ वापरानंतर त्याचा काही अंश दहा वर्षांहूनही अधिक काळ उरतो. योनिमार्गात लावावयाच्या अल्प मात्रेच्या इस्ट्रोजेन मलमामुळे मात्र असा धोका वाढल्याचे आढळले नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००५ मध्ये एकत्रित उपचाराची गणना मानवात कर्करोग घडविणाऱ्या घटकांत केली.

नोव्हेंबर २०२५ मध्ये अमेरिकन औषध प्रशासनाने या औषधांच्या वेष्टनावरील स्तनाचा कर्करोग, हृदयविकार व स्मृतिभ्रंश यांविषयीची चौकटीतील ठळक सूचना काढण्याचा निर्णय जाहीर केला. दोन दशकांच्या अतिरिक्त भीतीमुळे गरजू स्त्रियाही उपचारापासून वंचित राहिल्या, अशी त्यामागील भूमिका होती. या निर्णयाने वरील आकडे बदललेले नाहीत. धोका मुळीच नाही असा त्याचा अर्थ घेणे ही नवी चूक ठरेल.

‘पिशवी’ काढलेल्या स्त्रिया

महाराष्ट्रात या विषयाची सर्वांत हळवी बाजू वेगळीच आहे. ग्रामीण भागात अंगावरून जाणे, पोटात दुखणे अशा तक्रारींसाठी तरुण वयातच ‘पिशवी’ काढण्याचा सल्ला दिला जातो. बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांच्या अशा शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये राज्यभर गाजला आणि शासनाने चौकशीसाठी समिती नेमली. ऊसतोडीच्या हंगामात एक खाडाही न परवडणाऱ्या स्त्रीला पाळीची कटकट कायमची मिटवणे सोयीचे वाटते. त्याची किंमत पुढे मोजावी लागते, हे तिला कोणी सांगत नाही.

केवळ गर्भाशय काढले आणि बीजांडकोश ठेवले, तर पाळी थांबते, पण संप्रेरके स्रवत राहतात. बीजांडकोशही काढले, तर पस्तीस-चाळीस वर्षांच्या स्त्रीवर एका दिवसात रजोनिवृत्ती कोसळते. तिची हाडे लवकर ठिसूळ होतात आणि हृदयविकाराचा संभव वाढतो. अशा स्त्रीला नैसर्गिक रजोनिवृत्तीच्या वयापर्यंत संप्रेरके द्यावीत, असे तज्ज्ञांचे सामान्य मत आहे. कारण तिच्या शरीराने त्या वयात जे स्वतः तयार केले असते, तेवढेच तिला परत दिले जाते. साठीतल्या स्त्रियांवरील चाचणीची भीती तिला घालणे हा तिच्यावर दुहेरी अन्याय होय. म्हणून शस्त्रक्रियेनंतर दवाखान्यातून मिळणारा कागद जपून ठेवणे आणि त्यात बीजांडकोश काढले की ठेवले याची स्पष्ट नोंद करून घेणे हा प्रत्येक स्त्रीचा हक्क आहे. ‘पिशवी काढली’ एवढ्याने पुढील डॉक्टरांना काहीच बोध होत नाही. शस्त्रक्रियेपूर्वी दुसऱ्या डॉक्टरांचे मत घेणे हे तर त्याहूनही श्रेयस्कर.

एक नाव, दोन उलट उपचार

‘संप्रेरक उपचार’ हा शब्द दोन परस्परविरोधी उपचारांसाठी वापरला जातो आणि त्यातून जिवावर बेतणारा घोटाळा होऊ शकतो. रजोनिवृत्तीच्या उपचारात इस्ट्रोजेन दिले जाते. स्तनाच्या कर्करोगाच्या उपचारात इस्ट्रोजेनला रोखले जाते. ‘टॅमॉक्सिफेन’ ही १९७० च्या दशकापासून वापरात असलेली गोळी पेशीवरील इस्ट्रोजेनच्या ग्राहकात जाऊन बसते आणि किल्लीला वाटच ठेवत नाही. बीटसन यांनी सुरीने साधलेले काम गोळीने साधले. ज्यांच्या गाठीत असे ग्राहक आहेत, अशा स्त्रियांनी ही गोळी पाच वर्षे नियमित घेतल्यास पहिल्या पंधरा वर्षांतील या रोगाने होणारे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने कमी होतात, असे अनेक चाचण्यांच्या एकत्रित विश्लेषणातून सिद्ध झाले आहे. काही रुग्णांना ती दहा वर्षेही दिली जाते.

शस्त्रक्रिया व किमोथेरपी आटोपून घरी आलेली स्त्री वरकरणी बरी दिसते. गोळीमुळे अंगात वाफा, घाम असे त्रासही होतात. अशा वेळी ‘हार्मोनच्या गोळ्यांनी कॅन्सर होतो’ असे कोणी म्हटले आणि तिने गोळी बंद केली, तर तिचे संरक्षणच नाहीसे होते. गावातील जाणत्या माणसांनी हा फरक जरूर ध्यानात ठेवावा. कर्करोगानंतर दिलेली गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय कधीही थांबवू नये. तसेच एकदा हा रोग झालेल्या स्त्रीने रजोनिवृत्तीच्या त्रासासाठी इस्ट्रोजेनच्या गोळ्या स्वतःच्या मनाने कधीही घेऊ नयेत.

अशीच गल्लत गर्भनिरोधक गोळ्यांबाबत होते. माला-एन सारख्या गोळीत संप्रेरके असतात हे खरे. गोळी चालू असताना स्तनाच्या कर्करोगाचा धोका थोडा वाढतो आणि बंद केल्यावर दहा वर्षांत ती वाढ नाहीशी होते, असे १९९६ च्या एका मोठ्या विश्लेषणात आढळले. तरुण वयात हा रोग मुळातच विरळा असल्याने ही वाढ फार लहान ठरते. शिवाय या गोळ्यांमुळे बीजांडकोशाच्या व गर्भाशयाच्या अस्तराच्या कर्करोगापासून संरक्षण मिळते. साठीतील स्त्रियांवरील निष्कर्ष पंचविशीतील मातेला लावून कुटुंबनियोजनाची साधने नाकारणे योग्य नव्हे.

उपचार कोणी घ्यावा, कोणी टाळावा

त्रास सौम्य असेल तर औषधाची गरजच नाही. सैल सुती कपडे, नियमित चालणे, वजन आटोक्यात ठेवणे, तंबाखू व मिश्री सोडणे एवढ्यानेही बराच लाभ होतो. रजोनिवृत्तीनंतर चरबीच्या पेशींतही इस्ट्रोजेन तयार होत असल्याने वाढलेले वजन हे स्वतःच स्तनाच्या कर्करोगाचे एक कारण आहे. त्रासामुळे झोप आणि कामकाज बिघडत असेल, तर डॉक्टरांच्या सल्ल्याने, योग्य ती अल्प मात्रा, गरजेपुरता काळ आणि दरवर्षी फेरविचार या चार अटींवर उपचार घेता येतो. पूर्वी स्तनाचा कर्करोग, हृदयविकाराचा झटका, पक्षाघात किंवा रक्तात गुठळ्या झालेल्या, यकृताचा गंभीर विकार असलेल्या आणि कारण न कळलेला रक्तस्राव होत असलेल्या स्त्रियांनी तो टाळावयाचा असतो. औषधाच्या दुकानातून चिठ्ठीशिवाय गोळ्या आणणे किंवा घटकांचा उल्लेख नसलेली चूर्णे केवळ ‘वनस्पतीजन्य’ म्हणून घेणे दोन्ही सारखेच धोक्याचे आहे.

गावपातळीवरील कर्तव्य

स्तनाचा कर्करोग झालेल्या बहुसंख्य भारतीय स्त्रियांनी संप्रेरकांची गोळी कधी पाहिलेलीही नसते. त्यामुळे गोळीच्या चर्चेत मुख्य प्रश्न हरवता कामा नये. आपल्याकडे अनेक स्त्रिया रोग पसरल्यावर रुग्णालयात पोहोचतात, हाच तो मुख्य प्रश्न होय. या संदर्भात मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाचा प्रयोग मार्गदर्शक आहे. १९९८ पासून शहरातील झोपडपट्ट्यांतील दीड लाखाहून अधिक स्त्रियांचा त्यात समावेश होता. एका गटातील स्त्रियांच्या स्तनांची तपासणी प्रशिक्षित आरोग्य सेविकांनी दर दोन वर्षांनी केवळ हाताने केली. या गटात रोग अलीकडच्या अवस्थेत सापडला. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार पन्नाशीपुढील स्त्रियांतील या रोगाचे मृत्यू जवळजवळ तीस टक्क्यांनी घटले. पन्नाशीच्या आतील स्त्रियांत मात्र अशी घट दिसली नाही. महागडे यंत्र नसतानाही प्रशिक्षित हात किती मोलाचे असतात, हे यावरून ध्यानात येते.

केंद्र शासनाच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार ३० ते ६५ वर्षे वयाच्या स्त्रियांची अशी तपासणी दर पाच वर्षांनी करावयाची आहे. स्तनात किंवा काखेत न दुखणारी गाठ, त्वचेला पडलेली खळी, संत्र्याच्या सालीसारखी झालेली त्वचा, आत ओढले गेलेले स्तनाग्र, त्यातून येणारा रक्तमिश्रित स्राव, यांपैकी एकही लक्षण आढळल्यास थांबणे नको. गाठ दुखत नाही म्हणून दुर्लक्ष करणे ही सर्वांत मोठी चूक होय. उपचाराच्या खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगावरील उपचारांचा समावेश आहे.

ग्रामपंचायत सदस्यांना महिला ग्रामसभेत हा विषय घेता येईल. ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समितीच्या बैठकीत तिशीपुढील किती स्त्रियांची तपासणी झाली आणि किती राहिल्या, याचा आढावा आशा स्वयंसेविकेकडून घेता येईल. संशयित स्त्रीला तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या रुग्णालयापर्यंत नेण्यासाठी सोबत आणि वाहन मिळवून देणे, हेही काही लहान काम नव्हे. शिक्षकांना पालक मेळाव्यात मातांशी बोलता येईल आणि वरच्या वर्गात टक्केवारी शिकविताना तीस आणि अडतीस यांचे उदाहरण देता येईल. टक्के आणि माणसे यांतील फरक ज्या विद्यार्थिनीला उमगला, ती पुढे आपल्या आईच्या, आणि कालांतराने स्वतःच्याही, आरोग्याचा निर्णय डोळसपणे घेईल.

संप्रेरकांची गोळी ही सरसकट विष नाही आणि अमृतही नाही. डॉक्टरांसमोर बसलेल्या स्त्रीला आपला त्रास मोकळेपणाने सांगता आला आणि ‘यात किती जणींना किती धोका?’ असा प्रश्न न संकोचता विचारता आला, तर निर्णयाचा निम्मा भार तिथेच हलका होईल.